भोग आणि त्याग : एका व्यापाऱ्याचे चिंतन

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मला दिली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी पंडित नाही, शास्त्रीही नाही. माझी पदवी बी. कॉम.ची, आणि पुढचा सारा अभ्यास सांगलीच्या पेठेत दुकानाच्या गादीवर बसून झालेला. चाळीस वर्षे मी कापड मोजले आणि विकले. त्यामुळे आज जे बोलेन ते विद्वानाचे प्रवचन म्हणून ऐकू नये. एका संसारी माणसाने आपल्या जमाखर्चाच्या वहीवर टाकलेली नजर एवढ्याच अर्थाने ते घ्यावे, ही विनंती.

विषय मी हिंदू परंपरेतील भोग आणि त्याग हा निवडला आहे. जैन संस्थेच्या व्यासपीठावर हा विषय का, असे कोणाला वाटेल. कारण साधे आहे. आपण ज्यांच्या शेजारात राहतो, ज्यांच्या घरच्या लग्नाचा बस्ता आपल्या दुकानात बांधला जातो, त्यांच्या घरात वैराग्य आणि उपभोग शेजारी शेजारी नांदताना मी आयुष्यभर पाहिले आहेत. बस्त्यासाठी पंधरा माणसे येतात. नवरीच्या शालूवर दोन तास चर्चा होते. आणि त्याच घोळक्यात गळ्यात तुळशीची माळ घातलेली आजी एका बाजूला बसून म्हणते, "मला दोन लुगडी आहेत, तिसरे नको." हे दृश्य मी एकदा नाही, अनेकदा पाहिले. शालूची हौस आणि दोन लुगड्यांची तृप्ती एकाच घरात कशी नांदते? तो विसंगतीचा प्रकार आहे की त्यामागे काही व्यवस्था आहे? या प्रश्नाने माझी पाठ कधी सोडली नाही.

सज्जनहो, हिंदू शास्त्रकारांनी जीवनाची चार उद्दिष्टे सांगितली : धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. यांत अर्थ आणि काम यांना मानाचे स्थान आहे. धन मिळविणे आणि सुख भोगणे ही पापे नाहीत, पुरुषार्थ आहेत. मात्र त्यांची जागा ठरलेली आहे. आधी धर्म, शेवटी मोक्ष आणि या दोन काठांच्या मधे अर्थ व काम. नदीला काठ असतात तोवर ती गावाला पाणी देते. काठ सोडले की तीच नदी गाव बुडविते, हे आपणां सांगलीकरांना कोणी शिकवायला नको. वात्स्यायनांनी कामसूत्रासारखा ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभीही धर्म, अर्थ व काम या तिघांना वंदन आहे. मनुस्मृतीने इतर तिन्ही आश्रमांचा भार वाहणारा म्हणून गृहस्थाश्रमाला श्रेष्ठ म्हटले. त्याच स्मृतीने गृहस्थाला निवृत्तीची खूणही सांगून ठेवली आहे : अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले आणि नातवंडाचे तोंड पाहिले की वनाची वाट धरावी. माझे केस पिकले, नातूही शाळेत जाऊ लागला. पण वन सोडाच, दुकानाच्या गल्ल्यापासून चार हात दूर सरकायलाही मला फार वेळ लागला. शास्त्राने काळ ठरवून दिला, पण मनाने तो मानावा लागतो.

ही व्यवस्था केवळ ग्रंथात राहिली नाही, ती रोजच्या आचारात उतरली. घरात गोडधोड झाले की आधी देवापुढे नैवेद्याचे ताट जाते. तेच अन्न पुन्हा स्वयंपाकघरात येते, पण आता ते माझे अन्न नसते, प्रसाद असतो. पदार्थ तोच, चव तीच; मालकी मात्र बदललेली असते. यज्ञात आहुती देताना यजमान म्हणतो की हे माझे नव्हे. चातुर्मासात कोणी एखादी भाजी सोडते, कोणी एकभुक्त राहते. काशीला जाऊन आलेली माणसे आपला आवडता पदार्थ कायमचा सोडून येतात. या नेमांना पळवाटाही पुष्कळ आहेत. एकादशीच्या फराळाची ताटे पाहिली की 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगीच जन्माला आली नाही हे पटते. आपल्याकडच्या उपवासांच्या पारण्यांविषयी मी काही बोलत नाही. श्रोत्यांत तज्ज्ञ मंडळी बसली आहेत!

पण या सर्वांत मला अधिक भावते ती गणेश चतुर्थी. मातीची मूर्ती आणायची, प्राणप्रतिष्ठा करायची, तिला वस्त्र नेसवायचे, दूर्वा वाहायच्या, मोदक करायचे, घरभर आनंदीआनंद करायचा. आणि ठरलेल्या दिवशी तीच मूर्ती स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडायची. लहान मुले रडतात, मोठ्यांचाही गळा दाटून येतो. तरीही मूर्ती ठेवून घ्यावी असे कोणी म्हणत नाही. मनसोक्त आनंद घेणे आणि वेळ आली की हात मोकळे करणे, याचे शिक्षण लाखो घरे दरवर्षी घेतात. याहून सोपी वैराग्याची शाळा मी तरी पाहिली नाही.

आता या आचारामागील विचाराकडे येतो. ईशावास्योपनिषद हे अवघ्या १८ मंत्रांचे छोटेसे उपनिषद आहे. त्याच्या पहिल्याच मंत्राचा आशय असा की, हे सारे जग ईश्वराने व्यापलेले आहे. म्हणून त्यागपूर्वक उपभोग घ्यावा आणि कोणाच्या धनाची हाव धरू नये. दुसरा मंत्र लगेच सांगतो की कर्म करीतच शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी. म्हणजे 'भोगू नको' असे ऋषी म्हणत नाहीत आणि 'जग सोड' असेही म्हणत नाहीत. सोडायची आहे ती मालकीची भावना. भगवद्गीतेने हाच धागा पुढे नेला. गीता अरण्यात कोणा संन्याशाला सांगितलेली नाही, रणभूमीवर उभ्या असलेल्या गृहस्थाला सांगितलेली आहे. अतिखाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे तिच्या सहाव्या अध्यायाचे सांगणे. बाहेरून इंद्रिये आवरून मनात विषयांचे चिंतन करणाऱ्याला तिसऱ्या अध्यायात ढोंगी म्हटले आहे. अठराव्या अध्यायात त्यागाचा अर्थ कर्म सोडणे असा नसून कर्मफलाची आसक्ती सोडणे असा केला आहे.

येथे मला माझ्या वाणिज्य शाखेच्या शिक्षणाची आठवण होते. पहिल्या वर्षाला आम्हाला शिकविले गेले की, धंदा निराळा आणि मालक निराळा. म्हणूनच ताळेबंदात मालकाचे भांडवल धंद्याच्या देण्याच्या बाजूला लिहितात. मालकाने घरखर्चासाठी गल्ल्यातून पैसे घेतले तर ती त्याची 'उचल' म्हणून नोंदवावी लागते. विद्यार्थी असताना हे केवळ गुणांसाठी पाठ केले. पुढे कळले की जमाखर्चाच्या शास्त्रालाही एवढे वैराग्य ठाऊक आहे : दुकान म्हणजे मी नव्हे, आणि जो उपभोग मी घेतो तो माझा हक्क म्हणून मुकाट्याने घ्यायचा नसून नोंद करून घ्यायचा आहे. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ आपल्याला कसा उमगला ते सांगताना कायद्यातील विश्वस्ताचा दाखला दिला आहे. विश्वस्ताच्या हाती कोट्यवधी असले तरी त्यातील एक पैही त्याची नसते. त्याच आत्मकथेत श्रीमद् राजचंद्रांविषयी त्यांनी लिहिले आहे, त्याचा आपल्याला अभिमान वाटावा. हिरे-मोत्यांचे लाखोंचे व्यवहार करणारा हा तरुण जवाहिऱ्या सौदा संपताक्षणी आत्मचिंतनाची वही उघडून बसत असे.

परंतु बंधू-भगिनींनो, 'मनाने अलिप्त आहे' हे म्हणणे जितके सोपे, तितकेच ते घातकही आहे. भोग घेऊन घेऊन मन आपोआप तृप्त होईल, ही माणसाची पहिली फसवणूक. महाभारतातील ययातीची कथा आपण सर्व जाणता. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्धत्व आले, तेव्हा या राजाने आपल्याच पुत्रांपुढे हात पसरला. पुरूने आपले तारुण्य दिले. हजार वर्षे विषयसुख भोगल्यावर ययातीला कळले की, तूप ओतल्याने अग्नी शमत नाही, अधिक भडकतो. त्याने तारुण्य परत केले, पुरूला राज्य दिले आणि तो वनात गेला. या कथेवर 'ययाती' ही कादंबरी लिहिणारे वि. स. खांडेकर यांचा जन्म आपल्या सांगलीचाच. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. ही कथा वाचताना आपण ययातीला हसतो; पण मुलाच्या वाट्याचे आयुष्य वापरून आपली हौस पुरविणारे बाप आपल्या बाजारपेठेतही आढळतात. फक्त तिथे त्याला 'अजून कारभार माझ्याच हाती आहे' असे म्हणतात.

दुसरी फसवणूक अधिक सूक्ष्म आहे. ती जनकाच्या नावाने होते. मिथिला जळाली तरी माझे काहीच जळत नाही, असे उद्गार महाभारताच्या शांतिपर्वात जनकाच्या तोंडी आहेत. राज्य करूनही विरक्त राहिलेला हा राजा हिंदू परंपरेत गृहस्थांचा आदर्श ठरला. आता योगायोग पाहा. श्वेतांबर आगमांतील उत्तराध्ययनसूत्राच्या नवव्या अध्ययनात मिथिलेचाच राजा नमी जवळजवळ हेच शब्द बोलतो. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन त्याला जळणारा महाल दाखवितो, तेव्हाचे त्याचे हे उत्तर आहे. पण एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. हिंदूंना पूज्य असलेला विदेही जनक सिंहासनावर बसून हे म्हणतो. नमी सिंहासन सोडून निघताना म्हणतो. आपल्या परंपरेने जणू विचारले की, महाल सोडल्याशिवाय तुझे काही जळत नाही हे तुला कळणार कसे?

हा प्रश्न केवळ आपणच विचारला असे मात्र समजू नये. खुद्द शांतिपर्वातच सुलभा नावाची भिक्षुकी मिथिलेच्या जनकाच्या दरबारात येते. आपण राजछत्राखाली राहूनही मुक्त आहोत, असे जनक अभिमानाने सांगतो. सुलभा त्याला शांतपणे म्हणते की, साऱ्या पृथ्वीचा राजा झाला तरी तो राहतो एका नगरात, त्यातल्या एका वाड्यात, निजतो एका शय्येवर, आणि तिचीही अर्धी बाजू राणीची! तो खरोखर मुक्त असता तर ही माझी आणि ती परकी असा भेद त्याला सुचला नसता. तिचे बोलणे संपल्यावर राजाला पुढे काही बोलता आले नाही, असे महाभारतकार सांगतात. ज्या ग्रंथाने जनकाचा गौरव केला, त्याच ग्रंथाने त्याला निरुत्तर झालेलाही दाखविला. या प्रामाणिकपणापुढे मी नतमस्तक होतो.

आता माझी स्वतःची हकिकत सांगतो. ती सांगितल्याशिवाय वरचे सारे बोलणे पोपटपंची ठरेल.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी; पाणी तिच्याही १२ फुटांहून अधिक वर गेले. माझ्या दुकानात छातीइतके पाणी शिरले. श्रावणाचा आणि पुढच्या सणांचा माल नुकताच भरला होता. पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तेव्हा तागेच्या तागे चिखलाने जड होऊन पडले होते. रेशमी साड्यांचे रंग एकमेकांत उतरले होते. त्याआधीच्याच वर्षी मी एका कार्यक्रमात अपरिग्रहावर दहा मिनिटे बोललो होतो आणि लोकांनी टाळ्याही वाजविल्या होत्या. त्या सकाळी दुकानाच्या उंबऱ्यावर बसून मी लहान मुलासारखा रडलो. माझी मिथिला बुडाली होती आणि माझे सर्व काही बुडाले होते. जनक नाही, नमी नाही. होता तो केवळ एक घाबरलेला दुकानदार.

पण खरी लाज पुढे आहे. मालाबरोबर उधारीच्या वह्याही भिजल्या होत्या. आसपासच्या खेड्यांतील कितीतरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आमच्याकडून सुगीच्या बोलीवर कापड नेतात. त्यांची नावे आणि आकडे त्या वह्यांत होते. घरी आणून मी त्यांची पाने एकेक सुटी केली आणि रात्री दोन वाजेपर्यंत इस्त्रीने वाळवीत बसलो. जे आकडे पुसले गेले होते ते आठवून आठवून दुसऱ्या कागदावर लिहीत होतो. मुलगा काही वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, ज्यांची नावे तुम्ही शोधताय त्यांची घरे तरी उभी आहेत का, ते आधी पाहू या."

मी इस्त्री खाली ठेवली. त्या क्षणी मला देहूचे तुकाराम महाराज आठवले. तेही आपल्यासारखेच दुकानदार, वडिलोपार्जित सावकारी असलेले. इ. स. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. पुढे त्यांनी घरातील कर्जखतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकट्या भावाची वाटणी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. यातील न्यायबुद्धी पाहण्यासारखी आहे. भावाच्या वाट्यावर त्यांनी आपले वैराग्य लादले नाही. त्यानंतरही ते घर सोडून गेले नाहीत, संसारातच राहिले. तुकोबांनी आपली खते स्वतःच्या हाताने नदीत सोडली. माझी कृष्णेने आपण होऊन बुडविली होती, आणि मी ती चिखलातून ओढून इस्त्री करीत होतो!

पुढील आठवड्यात आम्ही दोघे त्या गावांत गेलो. ज्यांची घरे पडली होती त्यांची उधारी सोडून दिली. ज्यांचे बरे चालले होते त्यांच्याकडून पुढे रीतसर वसुली केली. मी तुकाराम झालो नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एक म्हातारे शेतकरी मात्र चार महिन्यांनी आपणहून दुकानात आले. त्यांच्या नावाचे पान पूर्ण पुसले गेले होते. आकडा त्यांनीच सांगितला आणि पैसे मोजून ठेवले. मी नको म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "तुमची वही भिजली, माझं ध्यान नाही भिजलं." अपरिग्रहाचे यापेक्षा मोठे प्रवचन मी ऐकलेले नाही.

त्या वर्षी २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आली. भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ तशीच होती आणि त्या भिंतींपुढे शेजाऱ्यांनी हातभर उंचीच्याही नसलेल्या मूर्ती बसविल्या. दुसऱ्याच दिवशी आपले दशलक्षण पर्व सुरू झाले. दोन्ही उत्सवांचा समारोप अनंत चतुर्दशीला होतो, हे मला माहीत होते; पण त्याचा अर्थ त्या वर्षी जाणवला. ज्या नदीने आम्हाला बुडविले, तिच्याच पाण्यात माझे शेजारी हात जोडून आपला देव सोडीत होते. राग नाही, तक्रार नाही.

उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मी मंदिरात परिग्रह-परिमाण व्रत घेतले. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण 'मूर्च्छा' असे सांगितले आहे. वस्तू जवळ असणे हा मूळ दोष नव्हे, तिच्यामुळे भान हरपणे हा दोष. इथे आपण आणि उपनिषदाचे ऋषी अगदी जवळ येतो. पण आपले आचार्य तेथे थांबले नाहीत. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या व्रताला इच्छापरिमाण असेही नाव दिले, आणि भोग व उपभोग यांची वेगवेगळी मर्यादा घालायला सांगितले. अन्नासारखे एकदाच भोगता येते तो भोग. वस्त्रासारखे पुनःपुन्हा वापरता येते तो उपभोग. म्हणजे मी आयुष्यभर उपभोगाचाच व्यापार केला! 'मी मनाने अलिप्त आहे' यावर आपल्या परंपरेने विश्वास ठेवला नाही. तिने आकडा मागितला. किती वस्त्रे, किती धन, किती भूमी, ते बोल. आम्हा व्यापाऱ्यांना ही भाषा कळते. मी माझ्या कपड्यांचे सहा जोड ठरविले, दुसरी शाखा काढायची नाही असे ठरविले आणि गल्ल्याची किल्ली मुलाकडे दिली.

माझी नम्र समजूत अशी की, या दोन विचारांना एकमेकांची गरज आहे. हिंदू विचार सांगतो की जग टाकून पळू नकोस, ते आनंदाने भोग, पण माझे म्हणू नकोस. आपला विचार सांगतो की माझे म्हणत नाहीस हे खरे कशावरून, मर्यादा घालून दाखव. पहिल्याशिवाय दुसरा कोरडा होईल, मोजलेल्या सहा जोडांचाही अभिमान चढेल. दुसऱ्याशिवाय पहिला सैल होईल, आणि प्रत्येक श्रीमंत माणूस स्वतःला जनक म्हणवून घेईल. तुळशीची माळ घातलेल्या त्या आजीला हे दोन्ही ठाऊक होते. नातीच्या शालूच्या काठावरून ती कौतुकाने हात फिरवीत होती. आणि स्वतःसाठी दोन हा आकडाही तिचा ठरलेला होता.

शेवटी एक कबुली देऊन थांबतो. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, दुकानात पुन्हा पाणी शिरले. त्या रात्री मला शांत झोप लागली. सकाळी मी मनाशी म्हटले, व्रताचा परिणाम झाला. पण व्यापाऱ्याची सवय जात नाही. मी हिशोब मांडला. या वेळी माल आदल्या दिवशीच वरच्या मजल्यावर नेला होता आणि विमाही उतरविलेला होता. मग त्या झोपेत वैराग्य किती आणि विमा किती? हा हिशोब मला अजून जुळविता आलेला नाही. आपण सर्वांनी आपापल्या घरी आपापली वही उघडून तो मांडून पाहावा, एवढीच विनंती.

या संस्थेने पन्नास वर्षे समाजाचे धन विश्वस्ताच्या भावनेने सांभाळले. पुढील पन्नास वर्षेही ती याच भावनेने उभी राहो, अशी प्रार्थना करतो. माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा करावी.

जय जिनेंद्र!